१५ डॉलरचं बूच

क्रूझवर आपली वाइन आपणच न्यायची आणि जेवणाच्या टेबलावर ती उघडून देण्याचे १५ डॉलर मोजायचे, एवढ्या एकाच सोयीबद्दल मी लिहिणार आहे. जहाज, केबिन, रोजचे कार्यक्रम यांच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. ज्या रकमेपुढे कोणी कारण लिहीत नाही, तिथे माझं बोट आपोआप थांबतं, आणि कॉर्केज, म्हणजे आपली बाटली उघडून देण्याचा हा आकार, ही तशीच रक्कम. बूच काढायला दहा सेकंद लागतात, मग १५ डॉलर कशाचे?

आमच्या जहाजाचा नियम साधा होता. दारू पिण्याचं वय झालेल्या प्रत्येक प्रवाशाने चढण्याच्या दिवशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली आणायची, वाइन किंवा शँपेन. बिअर नाही, व्हिस्की-रम तर नाहीच. केबिनमध्ये प्यायलात तर काही लागत नाही. तीच बाटली डायनिंग रूममध्ये आणली की १५ डॉलर. फिरकीच्या झाकणाची असली तरी १५ डॉलर! बुचाचा पत्ता नसताना बुचाचे पैसे घेतात म्हणून आमचे हे अजून हसतात.

खरी गोम सामानात आहे, आणि ती कोणी नीट सांगत नाही. बहुतेक विमानतळांवर १०० मिलीच्या वरचं द्रव हातातल्या बॅगेत चालत नाही, म्हणून बाटली मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत. बंदरावर बरोबर उलटं. तिथे मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात जातात, एक्स-रेखालून सरकतात, आणि आत बाटली दिसली तर बॅग केबिनच्या दाराशी न येता सुरक्षावाल्यांच्या खोलीत जाऊन बसते. मग तुम्ही खाली जायचं, रांग लावायची, त्यांच्यासमोर बॅग उघडायची. तेव्हा विमानतळ आणि बंदर यांच्या मध्ये कुठेतरी बाटल्यांची मोठ्या बॅगेतून हातातल्या पिशवीत बदली करावीच लागते. आम्ही ती हॉटेलच्या खोलीत निघण्याआधी उरकली. बाटलीभोवती स्वेटर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि ते सगळं खांद्यावरच्या पिशवीत उभं. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी सील बघितलं, लेबल बघितलं, मान हलवली, संपलं. माउथवॉशच्या बाटलीत रंग घालून जिन नेणारे महाभागही असतात. त्यांना माझा सल्ला नको असतो, म्हणून देत नाही.

आता टेबलावरची गोष्ट. लाल वाइन होती, चांगल्यापैकी, एका समारंभासाठी राखून ठेवलेली. वाइन पाहणारा वेटर आला, बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि लेबल आमच्याकडे करून दाखवलं, जणू ती त्याच्याच तळघरातून आली होती. मग चाकूचं छोटं पातं बाटलीच्या ओठाखालच्या कड्याला लावून त्याने वरचा पत्रा एका फेरीत कापला. स्क्रू आत गेला, तरफ दोन टप्प्यांत उचलली, आणि बूच आवाज न करता बाहेर आलं. फट्‌ अशा आवाजाची मी वाट बघत होते, तो आलाच नाही. बूच त्याने छोट्या बशीत ठेवलं, बाटलीचं तोंड कापडाने पुसलं, घोटभर यांच्या ग्लासात ओतली. यांनी चाखली आणि माझ्याकडे बघितलं. मग वेटरनेही माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

त्याआधी त्याने एक गोष्ट केली होती, जी माझ्या मते १५ डॉलरमधली अर्धी रक्कम वसूल करून देते. टेबलावरचे जाड काठाचे ग्लास त्याने उचलून नेले आणि पातळ काठाचे, मोठ्या पोटाचे आणले. केबिनमध्ये तुम्हाला बाथरूममधल्या पेल्यात प्यावी लागते. तो पेला दात घासायला उत्तम आहे. डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, मागितला, तोही आला, वेगळे पैसे नाहीत. जुन्या लाल वाइनच्या तळाशी गाळ असतो, आणि विमान, टॅक्सी, बंदर असा प्रवास झाल्यावर तो सगळा ढवळलेला असतो. म्हणून अशी बाटली कपाटात उभी ठेवून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मगच उघडावी. आम्ही तेच केलं, आणि शेवटचा बोटभर गाळ डिकँटरमध्ये उतरलाच नाही. वेटरने बाटली वाकवताना मानेकडे बघत बघत नेमकी वेळेवर थांबवली. हे काम घरी मला जमत नाही.

निम्मी उरली. त्याने बूच परत बसवलं, मानेला केबिन नंबरची चिठ्ठी अडकवली आणि आत ठेवून दिली. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बसायच्या आत बाटली टेबलावर हजर. एकाच बाटलीला एकदाच पैसे, असं आदल्या रात्री आम्हाला सांगितलं होतं. तरी त्या रात्री वेगळा वेटर होता आणि सहीला आलेल्या पावतीवर पुन्हा १५ डॉलर. पहिली पावती माझ्या पर्समध्ये होती. हेड वेटरने ती बघितली, माफी मागितली, पण खात्यातून रक्कम काढायला मला खाली काउंटरवर जाऊन उभं राहावं लागलं. म्हणून पावत्या फेकू नका आणि शेवटच्या रात्रीची वाट न बघता मधूनच खातं तपासा. या एका गोष्टीसाठी मी या सोयीचे गुण कापते.

हिशेब असा आहे. ७५० मिलीचे १५० मिलीचे पाच ग्लास होतात. आमच्या जहाजावर साध्या लाल वाइनचा ग्लास १३ डॉलरला होता, वर १८ टक्के सेवा आकार, म्हणजे १५ डॉलर ३४ सेंट. जहाजाच्या एका ग्लासाच्या किमतीत तुमच्या अख्ख्या बाटलीचं कॉर्केज निघतं. पण तेवढ्यावर थांबू नका. कॉर्केज ठरावीक रक्कम आहे, तर जहाजाची किंमत पटीत वाढते आणि तिच्यावर टक्के चढतात. १२ डॉलरची बाटली नेलीत तर कॉर्केज धरून २७. तिच्या तोडीची जहाजावर ३८ ला होती, सेवा आकारासह पावणेपंचेचाळीसच्या घरात. वाचले १८. आमची बाटली ४० डॉलरची. तीच वाइन, तेच साल, जहाजाच्या यादीत ९६ ला होती, म्हणजे हातात पडेपर्यंत ११३. आमचे झाले ५५. वाचले ५८. म्हणून साधी बाटली केबिनच्या बाल्कनीत फुकट संपवा आणि भारीतली टेबलावर न्या. लोक नेमकं उलट करतात. स्वस्तातली बाटली मिरवत डायनिंग रूममध्ये आणतात आणि चांगली केबिनमधल्या पेल्यात ओततात.

ड्रिंक पॅकेज, म्हणजे आधीच ठरावीक पैसे भरून पेयं घ्यायची सोय, घेतलं असेल तर हे गणित बदलतं. ग्लासाने वाइन आधीच मिळते आहे, मग बाटली न्यायची ती फक्त खास असेल तरच. पांढरी वाइन नेणाऱ्यांनी केबिनच्या फ्रिजवर भरवसा ठेवू नये. आमचा तरी फ्रिज नावापुरता गार होता. जेवणाला बसल्याबरोबर बर्फाची बादली मागा आणि पहिला पदार्थ संपेपर्यंत बाटलीला हात लावू नका.

कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन साधारण वर सांगितलेल्या वळणावर आहेत. प्रिन्सेसवर माणशी पहिली बाटली केबिनमध्ये विनाशुल्क, पुढच्या प्रत्येकीला पैसे. नॉर्वेजियनवर बाटल्यांना मर्यादा नाही, मात्र केबिनमध्ये प्यायलात तरी कॉर्केज लागतं, ७५० मिलीला १५ आणि दीड लिटरच्या मॅग्नमला ३०. डिस्नेवर माणशी दोन बाटल्या. वायकिंग कॉर्केज घेतच नाही. हे आकडे मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढताना त्या त्या कंपनीचं पान वाचून घ्या. वाटेतल्या बंदरावर घेतलेल्या बाटलीचं काय, तेही तिथेच बघा. आमच्या जहाजावर ती चढतानाच काढून घेत आणि शेवटच्या रात्री केबिनमध्ये आणून देत. म्हणजे ती घरी न्यायची, टेबलावर नाही.

मी पाचपैकी चार गुण देते. जहाजावरच्या स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्येही, म्हणजे वेगळे पैसे देऊन जेवायच्या ठिकाणीही, हाच दर होता आणि ग्लास तिथे आणखी चांगले. टेबल बुक करतानाच सांगून ठेवा की आपली बाटली आणतो आहोत, म्हणजे ते आधी काढून ठेवतात. आणि एक, आमच्या कॉर्केजच्या पावतीवर सेवा आकार लावलेला नव्हता. वेटरने काम मात्र पूर्ण बाटलीचं केलं होतं. म्हणून यांनी उठताना त्याच्या हातात पाच डॉलर दिले, पावतीच्या रकान्यात न लिहिता.