काळा मल्च घ्यावा की साधा?

न्यू जर्सीत पाडवा उलटला की गल्लोगल्ली ट्रक रिव्हर्स घेतल्याचा बीप-बीप आवाज सुरू होतो आणि ड्राइव्हवेवर मल्चचे, म्हणजे वाफ्यांतल्या मातीवर पसरायच्या लाकडाच्या चिपांचे, ढीग पडायला लागतात. काही काळेकुट्ट, काही विटकरी, काही नुसते लाकडाच्या रंगाचे. यंदा ओळखीतल्या तिघांनी विचारलं, रंगीत घेऊ की साधा? मी दोन वर्षं काळा घातला, नंतरची तीन वर्षं साधा हार्डवूडचा. तेवढ्या भांडवलावर बोलतोय.

तण रोखणं, ओल धरणं यात दोघांत मला तरी फरक जाणवला नाही. तीन इंचांचा थर दिलात तर एक यार्ड (म्हणजे घनयार्ड, मल्च त्याच मापानं मिळतो) साधारण 108 चौरस फुटांना पुरतो, हा हिशोबही दोघांना सारखाच. रंगीत यार्डमागे थोडा महाग पडतो, पण त्यावरून कुणी ठरवू नये.

दिसण्यात काळा जिंकतो, वादच नाही. पाटीवर रंगीत खडूनं काढावं तशी डॅफोडिल्स त्याच्यावर उठून दिसतात. साधा मल्च मे महिन्यात छान तपकिरी असतो आणि जुलैअखेर त्याची रया जाते, राखाडी, चिपाडासारखा. काळा माझ्याकडे दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी काळा होता. घर विकायला काढलं असेल, तर पुढचं वाचू नका, काळा घाला.

रंग विषारी असतो का, हे सगळेच विचारतात. लाल-तपकिरी मल्चला बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइड लावतात, म्हणजे जवळजवळ आपला गेरूच. काळ्याला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी. तुळशीवृंदावन गेरूनं रंगवणाऱ्यांनी त्याला बिचकायचं कारण नाही. शंका घ्यायची तर रंगाखालच्या लाकडाची. जुनी पॅलेट्स, पाडकामातलं लाकूड असं बरंच काही दळून त्यावर रंग चढवता येतो. आर्सेनिक असलेलं सीसीए प्रक्रियेचं लाकूड घरगुती कामांसाठी 2003 अखेर बंद झालं, पण त्याआधी बांधलेली डेक आत्ता आत्ता मोडली जाताहेत. पिशवीवर मल्च अँड सॉइल कौन्सिल या उद्योगसंघटनेचा शिक्का असेल तर तसलं लाकूड त्यात चालत नाही; ट्रकमधून सुटा ढीग आला की शिक्का कुठे शोधणार? म्हणून मेथी-मिरचीच्या वाफ्यात मी रंगीत कधीच घातला नाही. तिथे शरदातली पानं चुरून टाकतो. फुकट आहेत, आणि वर्षभरात मातीत मिसळून जातात.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय आर्सेनिकनं झाला नाही. तो झाला पायरीमुळे.

दुसऱ्या वर्षी शुक्रवारी दुपारी पाच यार्ड काळा मल्च आला. दाराकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या वाटेला दोन्ही बाजूंनी वाफे आहेत. अंधार पडेपर्यंत तेवढे उरकले आणि झोपलो. रंग पक्का व्हायला एक-दोन दिवस कोरडं हवामान लागतं, हे मला माहीत होतं. अंदाजात पाऊस रविवारचा होता. तो शुक्रवारी रात्रीच आला. सकाळी दार उघडलं तर कुणी शाईची दौत लवंडावी तसे ओघळ वाटेवरून आडवे गेलेले, आणि खालच्या पायरीवर चंद्रकोरीसारखा एक काळा डाग. डांबरी ड्राइव्हवेवरच्या ढिगाखालचं काही दिसलं नाही, अर्थात.

आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं काथ्या आणि भांड्यांचा साबण घेऊन पायरी घासली. मी ऑक्सिजन ब्लीच लावलं, मग शेजाऱ्याचा प्रेशर वॉशर आणला. ओघळ फिके झाले, चंद्रकोर तशीच. काँक्रीटची छिद्रं काजळी पिऊन बसतात, आणि काजळ निस्तरायचं म्हणजे काय हे लहान मूल असलेल्या घरात सांगायला नको. शिवाय महिनाभर प्रत्येक सरीनंतर कुणाचे ना कुणाचे मोजे काळे. चपला बाहेर काढणारी माणसं आपण. वाटेवरचं सगळं आम्ही पायांनी घरात नेलं. दिवाळीत बायकोनं त्या पायरीवर रांगोळी घातली तेव्हा मुद्दाम मोठं कमळ काढलं, डाग झाकेल असं.

माझी घाई नडली, हे मान्य. दोन दिवस ऊन मिळालं असतं तर कदाचित हा लेख उलटा लिहिला असता. पण एप्रिलात सलग दोन कोरडे दिवस, तेही शनिवार-रविवारी, ही इथे मागून मिळणारी गोष्ट नाही.

साधा मल्च सोवळा आहे असंही नाही. ओलसर उन्हाळ्यात त्यावर एका रात्रीत बुरशीसारखी पिवळी वाढ दिसते, हुबेहूब मांजर ओकल्यासारखी. ती निरुपद्रवी, फावड्यानं उचलून टाकायची. आर्टिलरी फंगस मात्र वाईट. ही बुरशी उजेडाच्या दिशेला बीजाणू उडवते आणि घराच्या बाहेरच्या भिंतींवरच्या पांढऱ्या साइडिंगवर डांबराचे टिपके पडल्यासारखे बारीक काळे ठिपके चिकटतात, नखानं खरवडले तरी खूण राहते. रंगीत मल्च तिच्यापासून वाचतो असं समजू नका, तेही शेवटी लाकूडच. मी भिंतीलगतच्या दोन फुटांत आता पाइनच्या सालीचे मोठे तुकडे घालतो. तिथे अजून ठिपका दिसला नाही.

आणखी एक. साधा मल्च दोन वर्षांत खालून माती होऊ लागतो, खुरपं सहज जातं. काळ्याच्या त्या कोरड्या चिपा दुसऱ्या वसंतातही जशाच्या तशा निघाल्या. वर रंग उडालेला, म्हणून नवा थर. खालचा कुजलेला नाही, म्हणून वाफा चढत चाललेला. गुलाबाच्या बुंध्याशी हातानं उकरायला लागलं.

तुमची वाट डांबरी किंवा गडद पेव्हर्सची असेल, हवामान साथ देत असेल, तर काळा अवश्य वापरून बघा. काँक्रीट असेल तर मी दोनदा विचार करीन.

गेल्या ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर आईला वाफे दाखवत होतो. राखाडी मल्च बघून ती म्हणाली, "ते काळंच बरं दिसायचं रे." मी फोन पायरीकडे वळवला. चंद्रकोर अजून आहे.

"अगंबाई," ती म्हणाली, "लिंबू लावून बघितलंस का?"