जुन्या घराची ‘मोफत तपासणी’ आणि भिंतीतून कापून नेलेलं सागवान

ठाण्यात चरई, चेंदणी, खारकर आळी या बाजूला ज्यांची जुनी कौलारू घरं अजून उभी आहेत, त्यांनी हे वाचा आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. ‘जुन्या घराची मोफत तपासणी’ असं सांगत दारात येणाऱ्यांपैकी दोघे गेल्या पावसाळ्यात आमच्या चरईतल्या घरी आले आणि आईला व आत्याला पद्धतशीर गंडवून गेले.

घर आजोबांच्या वेळचं. विटांच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे. माजघरावर लाकडी माळा आणि त्याच्या कड्यांना, म्हणजे आडव्या तुळयांना, खालून ठोकलेले करडे, सपाट तक्ते. ते तक्ते कशाचे हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. बाबांना ठाऊक असणार, पण ते आता नाहीत. दिवाळी-दर-दिवाळी ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की नुसतं बघून काही कळायची सोय नाही. अशीच जागा या लोकांना हवी असते.

एकाने मास्क चढवला आणि पिशवीतून एक पिवळं यंत्र काढलं. पुढे टाचणीसारखी दोन टोकं. ती तक्त्यात रुतवली की यंत्र पीं-पीं करायचं, पडद्यावर आकडा वर चढायचा. “मावशी, हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे. कॅन्सर होतो. तुम्ही याच्याखालीच झोपता ना?” अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांत घालतात ते तंतुमय खनिज. आत्याला दमा. तिचा चेहराच पडला. मग सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाची झेरॉक्स पुढे आली. घरात असा माल ठेवणं गुन्हा आहे, तो काढून तळोज्याला घातक कचऱ्यात टाकावा लागतो, वगैरे. मी ऐरोलीला राहते. मला फोन आला तेव्हा ॲडव्हान्स देऊन झाला होता.

तो निकाल खरा आहे, म्हणून तर माणूस फसतो. पण तो अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांबद्दल आहे: त्यांची आरोग्य तपासणी, विमा, आणि तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं जपून ठेवणं. कुणाच्या माजघरातलं सीलिंग उतरवा असं त्यात कुठेही नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आपल्याकडे राजरोस बनत आणि विकले जात आलेत.

काम मात्र नाटक शोभेल असं झालं. दाराला प्लॅस्टिक, माणसांना पांढरे झगे, आईला आणि आत्याला शेजारच्या काकूंकडे बसवलेलं. तक्ते उतरले, आणि मग खरा डाव. “मावशी, या लाकडात तंतू बसलेत, हेही बाधित झालंय, आता घरात ठेवता येणार नाही.” माळ्याच्या कड्या, फळ्या, सगळं टेम्पोत गेलं. त्या जागी लोखंडी पट्ट्यांवर पीओपीचं सीलिंग. एकूण ४२ हजार रुपये घेतले, आणि पावतीवर जीएसटी नंबर नाही. घातक कचरा तळोज्याच्या केंद्रात जातो तेव्हा गाडीसोबत मॅनिफेस्ट नावाचा कागद लागतो, त्याची प्रत मी फोनवर मागितली. “पाठवतो ताई,” म्हणाला. त्यानंतर फोन बंद.

पुढे आमचे नेहमीचे सुतारकाका आले. कपाटामागे तक्त्याचा एक तुकडा पडलेला होता. त्यांनी त्याची कड नुसती पाहिली: तपकिरी, केसाळ, आतून ठिसूळ. “अहो, हे सेलोटेक्स. उसाच्या चिपाडाचं. पूर्वी घरोघर असायचं.” चिपाडाचा तक्ता पावसाळ्यात ओल पितो, आणि ते पिवळं यंत्र होतं ओल मोजायचं! वॉटरप्रूफिंगची कामं करणाऱ्या माझ्या मावसभावाकडे अगदी तसंच आहे. त्याने ते ओल्या टॉवेलवर टेकवून दाखवलं, टॉवेलसुद्धा पीं-पीं करायला लागला.

कड्या त्यांनी भिंतीलगत करवतीने कापल्या होत्या, त्यामुळे टोकं भिंतीतच राहिली. काकांनी एका टोकावरचा काळपट रंग पटाशीने तासला. खालून सोनेरी, तेलकट लाकूड निघालं, रेषा सरळ, किडीचं एक भोक नाही. जुनं सागवान. वखारीत असा माल घनफुटाच्या हिशेबाने, हजारांच्या भावात जातो. म्हणजे ४२ हजार ही वरकमाई होती, मुख्य धंदा टेम्पोत होता.

आणि संतापाची गोष्ट पुढेच आहे. ज्या सिमेंटच्या पत्र्यांत खरोखर अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता जास्त, त्या पडवीकडे या महाशयांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट पाण्याचा पाइप अडकवायला त्यातच ड्रिल मारलं, तेही मास्क काढून. पांढरी भुकटी खालच्या मोरीवर सांडलेली आईने झाडूने लोटली. असे पत्रे शाबूत असले तर सहसा त्रास देत नाहीत. घात होतो तो कापताना, भोकं पाडताना, कोरडे फोडताना. हवेत उडणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि आजार उमटायला वीस-तीस वर्षंही लागतात.

पत्रा असो वा तक्ता, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे असं टाचण्या टोचून कळत नाही. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही हुबेहूब तसेच दिसतात. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाच्या संकेतस्थळावर अशा प्रयोगशाळांची यादी मिळते. तिथे चौकशी आपण स्वतः करायची, जो काढायचं काम घेणार आहे त्याच्यामार्फत नाही. त्या काळात सुतारकाम केलेला एखादा माणूस ओळखीत असेल तर त्याला आधी बोलवा. आमचं सेलोटेक्स सुतारकाकांनी चहा पिता पिता ओळखलं, एक पैसा न घेता.

पडवीतली भोकं आम्ही बुजवून घेतली आणि पत्र्यांना रंगाचा जाड हात दिला. कधी बदलायची वेळ आली तर पाणी मारून, न फोडता, अख्खेच उतरवायचे असं ठरलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे, पोलिसांकडेही अर्ज दिलाय. दोन्हीकडे यंत्राचा फोटो जोडलाय, आईने गंमत म्हणून काढलेला. त्यात टेम्पोच्या नंबराचे शेवटचे दोनच आकडे आलेत.