शाळेतली खेलो इंडिया फिटनेस चाचणी: घ्यावी, पण गुणपत्रिकेला जोडू नये

केंद्र सरकारच्या या चाचणीत पहिली ते तिसरीला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), फ्लेमिंगो तोल (फळीवर एका पायावर उभं राहणं) आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना हाताने आळीपाळीने झपाझप शिवणं). चौथीपासून बीएमआय, 50 मीटर धाव, 600 मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे, 30 सेकंदांतले कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे उचलणं) आणि पुश-अप. आकडे 2019 साली आलेल्या अ‍ॅपमध्ये भरायचे. साहित्य जुजबी: वजनकाटा, उंचीची पट्टी, स्टॉपवॉच, टेप, सतरंजी. वाकण्याची पेटी आणि तोलाची फळी (50 सें.मी. लांब, 5 उंच, 3 रुंद) कुठलाही सुतार करून देईल. कोल्हापुरातल्या साध्या शाळेला या खर्चात याहून चांगलं काही मिळणार नाही.

घोळ होतो तो घेण्यात. बूट घालून उंची मोजली की 130 सें.मी.चं मूल 132 होतं आणि 28 किलो वजनाला बीएमआय 16.6 ऐवजी 16.1 येतो. बूट, दप्तर, कंपासपेटी सगळं बाजूला ठेवूनच काट्यावर उभं करा. 600 मीटरसाठी 400 मीटरचा ट्रॅक फार थोड्या शाळांकडे आहे. 30 बाय 20 मीटरचा आयत आखला तर सहा फेऱ्या होतात, पण कोपऱ्यावर शंकू ठेवून माणूस उभा केला नाही तर मुलं कोपरे कापतात. चौकोनी वळणांवर वेग मोडतो, त्यामुळे शिवाजी स्टेडियमवर घेतलेली वेळ आणि शाळेच्या मुरमाड अंगणातली वेळ एका तक्त्यात मांडू नये. शालेय पोषण आहाराची खिचडी खाऊन लगेच पळवलं तर कळ येणारच. सकाळी घ्या.

आता पैशाचं. 50 मीटरला एक मूल स्पोर्ट्स शूजमध्ये पळतं, दुसरं स्लीपर हातात घेऊन अनवाणी. म्हणजे घरची मिळकत चाचणीच्या आतच शिरली! सगळ्यांना अनवाणी पळवायचं तर मैदान आधी झाडून घ्यावं लागतं, आणि तेच कुणी करत नाही.

उलटंही घडतं. रिक्षामामांच्या गाडीतून शाळा, तिथून ट्यूशन, मग मोबाईल, असा दिवस जाणाऱ्या सुखवस्तू घरातल्या मुलाचं वजन जास्त आणि 600 मीटरचा दम कमी निघतो. गुण मात्र चांगले असतात, कारण ट्यूशन आहे. पेठेत संध्याकाळभर फुटबॉल खेळणारं पोरगं पळण्यात पुढे आणि गणितात मागे असू शकतं. त्यामुळे ‘फिट मूल हुशार’ असा फलक लावण्याआधी घराकडे बघा.

संबंध अजिबात नाही, असंही नाही. इलिनॉयमधल्या तिसरी आणि पाचवीच्या 259 मुलांवरच्या 2007 च्या अभ्यासात दमाची क्षमता चांगली असलेल्यांचे गणित-वाचनाचे गुण जास्त होते, बीएमआय जास्त असलेल्यांचे कमी. ताकद आणि लवचीकतेचा संबंध दिसला नाही. अशा एका वेळच्या मोजणीतून पळल्यामुळे गुण वाढले असं मात्र ठरत नाही. तरीही अभ्यासाच्या संदर्भात सहापैकी बघायची चाचणी 600 मीटरचीच. पुढे वाकण्याचा आकडा पाठीसाठी ठेवा.

दम आणि लक्ष दोन्ही एकदम खाणारं कारण म्हणजे रक्तक्षय. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे 11.5 ग्रॅमच्या खाली गेलं की तो धरतात. ऑक्सिजन कमी पोचतो, मूल तिसऱ्या फेरीला चालायला लागतं आणि तेच मूल वर्गात पेंगतं. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून पुन्हा पळवू नका. आधी रक्त तपासा, आठवड्याची गुलाबी लोहगोळी आणि जंतनाशक गोळी खरंच पोटात जाते का ते बघा. गरीब घरातल्या मुलांच्या बाबतीत या चाचणीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, आणि अ‍ॅपमधल्या गुणांत तो कुठे दिसत नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलेलं हे शहर. इथे तालमीही आहेत आणि शाळाही, पण तक्ता भरताना दोन्हीकडची माणसं एकत्र बसत नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक तारा वर्गात क्रमांक लावायच्या हौसेपायी कापला. जूनअखेर एकदा आणि डिसेंबरात एकदा, त्याच मैदानावर, त्याच वेळी घ्या. मुलाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करा. पालकांना दाखवताना 600 मीटरची वेळ आणि वजन-उंची पुरे.