एमबीबीएस करता करता वैद्यकातली नैतिकता शिकायची, तर वर्गात, गावात की संशोधनात?

गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी कॉलेजात शिकणाऱ्याला वेगळा कोर्स न घेताही या विषयात शिरायला तीन दारं आहेत.

पहिलं दार एटकॉम, म्हणजे वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणारा एमबीबीएसचा भाग. तो सक्तीचाच आहे. २०१९ पासून तो अभ्यासक्रमात आला, मूळ पुस्तिकेत २७ मोड्यूल. लॉगबुकवर सही मिळाली की विषय संपला, असं बहुतेकांचं होतं. म्हणून जोडीला एक निकालपत्र मुळातून वाचावं. १९८९ साली एचआयव्हीची लागण आढळली म्हणून डॉमिनिक डिसोझा यांना गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली डांबून ठेवलं. आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. न्यायाधीशांची कारणं एकेक करून खोडायचा प्रयत्न करा, गटचर्चेत बोलायला आपोआप काहीतरी सापडेल.

दुसरं दार कुटुंब दत्तक कार्यक्रम, ज्यात विद्यार्थी गावातल्या घरांना नियमित भेटी देतात. त्यात मात्र खरा ऐवज आहे. प्रत्येकाकडे साधारण तीन ते पाच घरं. बिघडतं ते असं: बसभर मुलं उतरतात, बीपी-शुगर मोजतात, फॉर्म भरतात, निघतात. त्यापेक्षा एका घरी निवांत बसा आणि विचारा: गोळ्या संपल्यावर किती दिवस तशाच जातात? दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं? सासूसमोर सुनेला गर्भनिरोधकांबद्दल विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही, वर तिला त्रास. भाड्याच्या खोलीतलं कानडी कुटुंब वाट्याला आलं, तर दीनदयाळ कार्डाचं (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) विचारा. कार्डाला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, त्याआधी आजारी पडणाऱ्याचं काय, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. डायरीत नावं, घर नंबर लिहू नका. छोट्या वाड्यावर एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

तिसरं दार आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचं दोन महिन्यांचं संशोधन. प्रमाणपत्राला वजन आहे, पण वेळ कागदांत जातो. एथिक्स कमिटीच्या (संशोधन नैतिक आहे का हे तपासणारी समिती) मंजुरीआधी घेतलेली माहिती वापरता येत नाही, आणि कमिटी तुमच्या सोयीने बसत नाही. संमतीपत्र कोंकणी, मराठी, गरज पडली तर कानडीतही लागतं. भाषांतर दुसऱ्याकडून उलटं करून तपासावं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा, वॉर्डातली सिस्टर त्रयस्थ नव्हे. मुलाखतींचा विषय असेल तर दहा-बारा पुरे: तासाभराची एक मुलाखत उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर घरभेटीच धरा. मुलाखतींवर आधारलेलं काम स्वतः केलेला गाइड मिळत असेल तरच एसटीएस. नुसत्या प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या गाइडकडे दोन महिन्यांत एक्सेल तेवढं पक्कं होतं.