म्हापशाच्या बाजारातला 'आठ महिन्यांचा' पट्टा, घरात कुत्रा असेल तर वाचा

मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी करायला गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते. मिरच्या-कोकमं घेऊन बाहेर पडताना एकजण प्लास्टिक अंथरून कुत्र्यांचे पट्टे विकत होता. गोल पत्र्याचा डबा, आत राखाडी पट्टा, म्हणाला ताई बाहेरच्या देशातला माल आहे, गोचीड पिसवा डास काही लागणार नाही, आठ महिने निवांत राहा. साडेसहाशे रुपये. तसाच डबा मी डॉक्टरांकडे बघितला होता आणि किंमत ऐकून नको म्हटलं होतं, त्यामुळे इथे स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर मी भाळलेच. बिल मागितलं तर डब्यातलं गॅरंटी कार्ड दाखवलं, त्यावर मोबाईल नंबर होता, म्हटलं ठीक आहे.

आमचा बंटी गावठी, दिवसभर कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, फिरतो, त्यामुळे पाऊस आला की गोचिडी ठरलेल्याच. आधी मी रोज संध्याकाळी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून त्याचे कान, काख, पायाची बोटं तपासायचे. पट्टा बांधला आणि तपासणं बंद केलं. पैसे गेले ते गेले, पण त्या पट्ट्याच्या भरवशावर तीन-चार आठवडे मी त्याच्या अंगावरून नीट हात फिरवला नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

जूनमध्ये एका सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला आणि बंटी उठलाच नाही. एरवी फाटकापर्यंत धावत जातो, त्या दिवशी नुसती मान वर केली आणि परत टाकली. हिरड्या पांढऱ्या, पोटावर लाल-जांभळे ठिपके, दुपारी नाकातून रक्त आलं ते फरशीवर टिपकलं तेव्हा मी रडायलाच लागले. डॉक्टरकडे नेलं तर ताप 104. मॅडमनी पट्टा वर सरकवला, आणि त्या पट्ट्याच्याच खाली वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड चिकटलेली! औषधाचा पट्टा आणि त्याच्याखाली बसून रक्त पितेय.

प्लेटलेट 31 हजार आल्या, कुत्र्याला निदान दोन लाख तरी लागतात. एर्लिकिया निघाला, आपण टिक फीवर म्हणतो तोच, गोचीड चावली की रक्तात जातो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवस, मध्ये बंद करायचं नाही.

मॅडमनी डबा मागवून बघितला. बॅच नंबर नाही, एक्स्पायरीची नुसती चिकटवलेली चिठ्ठी, औषधाचं नाव स्पेलिंग चुकवून छापलेलं आणि डांबरगोळीसारखा उग्र वास. त्या म्हणाल्या, खऱ्या पट्ट्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन हे गोचिडी-पिसवा मारणारं औषध असतं, ते हळूहळू कातडीवर आणि केसांवर पसरतं, त्याला वास जवळजवळ नसतोच. शिवाय तो गोचिडी आणि पिसवांसाठी, डासांच्या भरवशाचा नाही. डासांमुळे हृदयात जंत होतात, त्यासाठी डॉक्टर दर महिन्याचं औषध वेगळं देतात.

कार्डावरचा नंबर बंद. पुढच्या शुक्रवारी गेले तर माणूस गायब, शेजारची भाजीवाली म्हणाली तो परत दिसलाच नाही. गावात विचारलं तर आणखी तिघांनी त्याच्याकडून घेतलेलं निघालं, एका वहिनींनी तर मांजराला पण बांधलेला, त्यांना लगेच काढायला लावला. त्यात काय भरलंय कुणाला माहीत, आणि कुत्र्याच्या काही औषधांमध्ये पर्मेथ्रिन असतं ते मांजराला विष आहे, जीव जातो.

म्हणून सांगते, पट्टा असो की मानेवर टाकायचे थेंब, जनावरांच्या डॉक्टरकडून नाहीतर बिल देणाऱ्या मेडिकलमधून घ्या, कुत्र्याचं वजन सांगून घ्या, डब्यावर बॅच आणि एक्स्पायरी छापलेली आहे का बघा. फसला असाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, मी केली आहे. आणि खरा पट्टा असला तरी रोज हात फिरवून बघाच, आणि भिंतीच्या भेगा पण बघा, गोचिडीची मादी तिथेच हजारो अंडी घालते.

बंटीच्या प्लेटलेट परवा एक लाख साठ हजार आल्या. पदेर आला की फाटकापर्यंत जातो आता, अजून धावत नाही, चालत जातो. तो डबा मी फेकलेला नाही, कुणाच्या घरी तसाच असेल तर बंटीला बघायला या आणि शेजारी ठेवून तपासून घ्या.