सुट्टीतल्या शिबिरासाठी प्लास्टर की शाडू?

एप्रिल उजाडला की सोसायट्यांमधून विचारणा सुरू होते: मुलांकडून पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, वस्तू करून घ्यायच्या की शाडूच्या? बहुतेकांना चिंता असते खर्चाची आणि पसाऱ्याची. मी आधी मुलांचं वय विचारते, आणि हाताचे ठसे घ्यायचे आहेत का ते.

कारण प्लास्टरचा खरा धोका उष्णतेचा आहे. जिप्सम नावाचं खनिज भाजून, त्यातलं बरंचसं पाणी उडवून पीओपी तयार होतं. आपण पाणी घातलं की ते परत धरून घेतं, दगडासारखं घट्ट होतं आणि तापतं. पानाचा ठसा उमटवलेली पातळ चकती नुसती कोमट होते. बादलीभर प्लास्टरची उष्णता मात्र आतच कोंडते. ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. घट्ट झालेल्या प्लास्टरच्या डब्याला बाहेरून हात लावून पाहा, नुकत्याच भरलेल्या चहाच्या पेल्यासारखा लागतो. आणि आधी ते आवळतं, चटका मागाहून बसतो. पोळायला लागेपर्यंत हात आत अडकलेला असतो. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या एका शाळेत 2007 साली 16 वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांचं शिल्प करण्यासाठी हात प्लास्टरमध्ये घातले. तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. तेव्हापासून माझ्या वर्गात एकच नियम अढळ आहे: प्लास्टरमध्ये बोटसुद्धा बुडवायचं नाही.

हाताचा ठसा हवाच असेल तर अल्जिनेट आणा. दातांचं माप घ्यायला दवाखान्यात वापरतात तीच पावडर. ती रबरासारखी होते, तापत नाही. हात अलगद काढून घ्यायचा आणि रिकाम्या साच्यात मोठ्या माणसाने प्लास्टर ओतायचं. महाग पडतं, पण इथे काटकसर नको.

शाडू तापत नाही, हातात घेऊन हवं तितकं मळा. म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी डोळे झाकून शाडू सांगते. फक्त तो वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायला बसू नका. मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठत जाते. चार दिवसांच्या शिबिरात मुलांना त्याचा फारसा धोका नाही. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या शिक्षकांना आणि मूर्तिकारांना आहे. मूर्ती ओलसर असतानाच ओल्या स्पंजने गुळगुळीत करा, टेबलही ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू नको.

धूळ पीओपीचीही उडते. पिशवी उघडताना पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि पावडर पाण्यात हळूहळू भुरभुरायची. डोळ्यात गेली तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. दम्याचा त्रास असलेलं मूल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असलेलं बरं.

मोठी मुलं असतील, तुम्ही स्वतः ओतणार असाल आणि वस्तू लहान, पातळ असतील, तर प्लास्टर जरूर घ्या. अर्ध्या तासात साच्यातून निघालेली पांढरीशुभ्र चकती पाहून मुलं हरखून जातात. शाडूला मात्र वाळायला चार-पाच दिवस द्यावे लागतात.

उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि पाइप तुंबतो. प्लास्टिकच्या डब्यात तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी डबा थोडा दाबला की ढेकूळ सुटून येतं. उरलेला शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पुढच्या बॅचला चालतो.