झोल्पिडेम, क्लोनाझेपाम की गोळीच नको?

नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या आमच्या औषधांच्या दुकानात रात्री साडेनऊनंतर येणारी काही गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून हळूच बोलतात. "भाऊ, झोप येऊन नाही राहिली. एखादी हलकीशी गोळी द्या ना." चिठ्ठी नसते. मी नाही म्हणतो, समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि चिठ्ठी हातात असूनही 'ही घेऊ की शेजारचे घेतात ती बरी' अशा घोळात असलेल्यांसाठीही. कोणाला कोणती आणि किती, हे डॉक्टरच सांगतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

लोक गोळ्यांची तुलना एकाच गोष्टीवर करतात, लवकर कोणती झोपवते. झोपवतात सगळ्याच. मी पंचवीस वर्षांत शिकलो ते एवढंच, की गोळी सकाळी अंगातून किती गेलेली असते आणि सोडायची म्हटली तर ती किती सहज सुटते, हे आधी बघायचं.

क्लोनाझेपामपासून सुरू करतो, कारण घराघरांत तीच सापडते. गिऱ्हाइकं नावही घेत नाहीत, नुसतं "पॉइंट फाइव्ह द्या" म्हणतात, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची. हे औषध मुळात फिट्स आणि पॅनिक अटॅकसाठीचं. त्याने गुंगी येते म्हणून ते झोपेसाठी वापरलं जातं. शरीरातलं अर्धं औषध उतरायला त्याला साधारण 30 ते 40 तास लागतात. म्हणजे आज रात्री घेतलेल्या गोळीचा निम्म्याहून जास्त भाग उद्या रात्री दुसरी गोळी घेताना अंगात असतोच. पहिला आठवडाभर साठा वाढत जातो. माणूस म्हणतो, "गोळी मानवली, पण दिवसभर डोकं जड राहतं, नाव आठवत नाही." ते वय नव्हे काकाजी, ती परवाची गोळी आहे. अल्प्राझोलाम याच घराण्यातलं. ते सुमारे 11 तासांत अर्ध्यावर येतं, आणि ते उतरायला लागलं की जीव घाबरा होतो, म्हणून त्याची ओढ लवकर लागते.

झोल्पिडेम खास झोपेसाठीच आलं, अमेरिकेत त्याला 1992 मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे अडीच तासांत ते अर्ध्यावर येतं, म्हणजे आठ तास झोप झाली तर सर्वसाधारण तब्येतीच्या माणसात सकाळी थोडंसंच उरतं. कागदावर बघितलं तर क्लोनाझेपामपेक्षा सरस. सकाळ मोकळी हवी असेल, त्रास फक्त झोप लागण्याचा असेल आणि दोन-चार आठवड्यांपुरतंच घ्यायचं असेल, तर याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. पण या औषधाला शिस्त लागते आणि नागपूरकराचं रात्रीचं वेळापत्रक त्या शिस्तीत बसत नाही. रात्री अकराला सावजी रस्सा हाणून यायचं, वर लगेच गोळी टाकायची. पोट भरलेलं असलं की तिचा असर उशिरा होतो. अर्धा तास वाट बघून माणूस म्हणतो, "ही तर काम करून नाही राहिली," आणि दुसरी घेतो. मग दोन्ही एकदम चढतात. गोळी जेवणानंतर बऱ्याच वेळाने, अंथरुणावर बसूनच घ्यायची आणि पुढचे सात-आठ तास मोकळे असतील तरच घ्यायची. पहाटेची गाडी पकडायची असेल तर त्या रात्री नाही. 'सीआर' लिहिलेली गोळी मोडायची नाही. ती हळूहळू सुटेल अशी बनवलेली असते, तोडली की बांध फुटतो.

बायकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये स्त्रियांसाठीचा साध्या झोल्पिडेमचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणला. त्यांच्या शरीरातून ते सावकाश जातं. 10 मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही शंभरातल्या साधारण 15 स्त्रियांच्या रक्तात ते गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं आढळलं, पुरुषांत हा आकडा 3 च्या आसपास होता. सकाळी मुलांना शाळेत सोडायला अ‍ॅक्टिव्हा काढणाऱ्या बाईने नवऱ्याच्या स्ट्रिपमधली गोळी का घेऊ नये, त्याचं उत्तर यातच आहे.

दुसरा धोका विचित्र आहे. काही जण झोल्पिडेम घेऊन झोपेतच उठतात, चालतात, गॅस पेटवतात, गाडी सुद्धा काढतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. 2019 पासून अमेरिकेत या औषधावर त्याबद्दलचा सगळ्यात कडक इशारा छापतात. असं एकदा जरी झालं तरी ते औषध बंद, पुन्हा नाही. घरच्यांनी लक्ष ठेवायचं, कारण ज्याला होतं त्याला ते कळतच नाही.

दारूबरोबर यांपैकी कोणतीच गोळी नको. "भाऊ, एकच पेग होता" हे मी ऐकून घेत नाही. ट्रॅमाडोल या दुखण्याच्या गोळीबरोबर किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, गुडघेदुखीच्या सुद्धा. आणि घोरणाऱ्यांनी, त्यातही झोपेत श्वास अडकून दचकून उठणाऱ्यांनी, आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. त्यांचा घसा रात्री आधीच ढिला पडतो, गोळी तो आणखी ढिला करते.

आता सोडण्याचं. इथे क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम सरळसरळ हरतात. रोज महिनोन्महिने घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर थरथर सुटते, झोप पूर्ण उडते, फिट्स सुद्धा येऊ शकतात. झोल्पिडेमचीही सवय लागते, रोज जास्त डोस घेणाऱ्याला तेही झटक्यात सोडता येत नाही. म्हणून चिठ्ठी मिळतानाच विचारा, "डॉक्टरसाहेब, ही बंद कधी आणि कशी करायची?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं घेतली आहे त्यांनी हे वाचून आज रात्री एकदम सोडू नका. डोस डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवावा लागतो.

पासष्टीच्या पुढे माझं मत स्पष्ट आहे, या गोळ्या टाळता आल्या तर टाळाव्यात. वृद्धांनी टाळायच्या औषधांची अमेरिकेत वापरली जाणारी बीअर्स यादीही तेच सांगते. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

मेलाटोनिनच्या गमी हल्ली खूप खपतात. मेलाटोनिन आपल्याच मेंदूत अंधार पडल्यावर स्रवतं, ते शरीराचं घड्याळ पुढेमागे करतं. घड्याळच बिघडलं असेल तर उपयोगी, एरवी जुनाट निद्रानाशावर फारसं नाही. मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या पट्ट्यात, नाइट शिफ्ट करणारा एक पोरगा माझ्याकडे झोल्पिडेम मागत होता. पहाटे पाचला घरी, दहाला पुन्हा कॉल. त्याच्याकडे सात तासच नव्हते, तर गोळी घेऊन करणार काय? त्याला जाड पडदे घ्यायला सांगितलं आणि शिफ्टचं डॉक्टरांना आधी सांग म्हटलं. गमीत लिहिलंय तेवढंच असतं यावरही विसंबू नका. अमेरिकेत 2023 मध्ये 25 गमी तपासल्या, त्यातल्या 22 मध्ये लेबल आणि आतला माल जुळला नाही.

तिसरा पर्याय माझ्या काउंटरवर मिळत नाही. त्याला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची वर्तणूक उपचारपद्धती. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हेच करा असं सांगितलं. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, आणि सुरुवातीला अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करायचा. पहिला आठवडा जीव नकोसा होतो, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. फिट्सचा किंवा बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने झोप कमी करू नये. हे शिकवणारं माणूस शोधायला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, किंवा मिहानच्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असेल तर आधी कूलरच्या ताट्या बदला. बाहेर 45 आणि खोलीत भट्टी असताना झोप न येणं हा आजार नाही.

चिठ्ठीवरून दुकानदारावर चिडणाऱ्यांसाठी थोडं. झोल्पिडेम आणि अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे मला रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या अर्ध्या गोळीची नोंद मात्र कुठेच होत नाही.

मागच्या गल्लीतल्या आईजी आठ वर्षं क्लोनाझेपाम घेत होत्या. बाथरूममध्ये दोनदा पडल्यावर मुलाने डॉक्टर गाठला. आता दर काही आठवड्यांनी चिठ्ठीवरचा आकडा थोडा खाली येतो. परवा काउंटरवर येऊन म्हणाल्या, "बापा, मधल्या दोन रात्री जागीच होती मी. पण सकाळी नातवाचं नाव पहिल्या फटक्यात आठवलं." पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.